दुष्काळ पडला की रेशनचा तांदूळ का अडतो?

धान्य कमी पिकणं हे निम्मंच कारण. कोठाराची किल्ली कुणाकडे, हे दुसरं. 2023 च्या जूनमध्ये केंद्राने खुल्या बाजार योजनेतून (केंद्राच्या साठ्यातलं धान्य विकण्याची योजना) राज्यांना तांदूळ विकणं थांबवलं आणि कर्नाटकच्या 'अन्नभाग्य' या मोफत तांदूळ योजनेचे माणशी वाढीव 5 किलो लटकले. जुलैपासून त्याबदली किलोला 34 रुपयांप्रमाणे माणशी 170 रुपये खात्यात पडू लागले. दुकानातला भाव चढला तरी रक्कम तीच, खरी मेख इथे होती. 20 जुलैला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद झाली. त्याच वर्षी राज्यातले 223 तालुके दुष्काळी ठरले. केंद्राच्या मदतीसाठी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं, एप्रिल 2024 मध्ये सुमारे 3,454 कोटी मिळाले. मागणी होती 18 हजार कोटींवर!

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या कोरडवाहू पट्ट्यात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, जमिनीतल्या ओलीवर येतो. परतीचा पाऊस चुकला की दाण्याबरोबर कडबाही जातो, मग दावणीचं जनावर बाजारात. नदीकाठी मात्र ऊस बारा महिने पाणी पितो, कारण त्याला बांधलेला दर आणि कारखान्याचं गिऱ्हाईक आहे. उन्हाळ्यात कृष्णा आटली की कोयनेचं पाणी सोडा म्हणून बेंगळुरूहून मुंबईला पत्र जातं.