शाळेत मटकी मागून खातो, घरी ताटाशी रडतो

शाळेच्या पंगतीत उसळ-भात मागून खाणारं मूल घरच्या ताटाशी मात्र रडतं, ही तक्रार मुलांच्या खाण्याबद्दल सल्ला देताना मी कायम ऐकते. त्या तक्रारीमागे आईचं एक दुखणं असतं आणि ते बाहेर यायला बहुतेक वेळा दोन-तीन भेटी जाव्या लागतात. माझ्याकडे आलेल्या एका आईने मात्र ते पहिल्याच दिवशी बोलून टाकलं. "मॅडम, बाई सांगतात तो मटकी दोनदा घेतो. मग माझ्याच हातची नको झालीय का त्याला?"

मुलगा तिसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. बहीण सातवीत. वडील टेम्पो चालवतात, घरात आजी आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बालरोगतज्ज्ञांनी त्याला नुकतंच तपासलं होतं. उंची-वजन वयाप्रमाणे वाढत होतं, हिमोग्लोबिन ठीक होतं. हे आधी बघावंच लागतं. वजन घटत असेल, घास गिळताना ठसका किंवा उलटी होत असेल, घरीदारी कुठेच चार-पाच पदार्थांपलीकडे मूल जात नसेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवं. इथे तसं काही नव्हतं.

मी तिला म्हटलं, "ताई, एकदा जेवणाच्या सुट्टीत शाळेत जाऊन या. काही बोलू नका, फक्त बघा." शालेय पोषण आहार वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी त्याची चव घ्यायची, असा नियम आहे. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी तिलाच चव घ्यायला बोलावलं.

परत आली ती थोडी गोंधळूनच. "उसळ माझ्यापेक्षा काही भारी नव्हती हो. तिखट कमी, तेलही कमी." मग काय वेगळं होतं? ती आठवून सांगू लागली. सगळी पोरं एका रांगेत, सगळ्यांच्या ताटात तेच. मावशींनी आधी थोडंच वाढलं, त्याने हात वर करून आणखी मागितलं. "खा, खा" कुणी म्हणालं नाही. नको असेल तर दुसरं काही मिळेल, ही वाटच नव्हती. आणि सकाळी चहा-पोळी खाऊन निघालेलं पोर तोवर चांगलं भुकेजलेलं होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच शोधून आणलं होतं. शेजारच्याचं बघून मुलं खातात, ही नुसती आपली समजूत नाही. लिअन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८०मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग आहे. एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला तिने ती आवडणाऱ्या सवंगड्यांबरोबर जेवायला बसवलं. काही दिवसांतच तेही ती भाजी घेऊ लागलं. आहारावरच्या दहा भाषणांपेक्षा शाळेची पंगत जास्त काम करते, असं माझं ठाम मत आहे.

मग आम्ही घरची संध्याकाळ कागदावर मांडली. शाळेतून आल्यावर चहा-बिस्किटं. खेळून आला की वेफर्स. सातच्या सुमाराला वडील येतात आणि त्यांच्या खिशात त्याच्यासाठी एक पाकीट असतंच. साडेआठला ताट. त्या ताटाशी आई, आजी आणि बहीण तिघी त्याच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. नाहीच खाल्लं तर नऊ वाजता नूडल्स. भूक कुठून लागणार? आणि रडलं की नूडल्स येतात, हे आठ वर्षांच्या मुलाला कळणारच.

आईच्या मनावरचं ओझं हलकं करणारी एक गोष्टही सांगितली. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी या जेवणाचं सरकारी माप आहे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. या वयाच्या मुलाची दिवसाची प्रथिनांची जवळपास निम्मी गरज त्यातून भागते. तो तिथे पोटभर जेवतोय. रात्री दोनच घास खाल्ले म्हणून तिने झोप घालवायचं कारण नव्हतं.

खरा गुंता निघाला बहिणीचा. सप्टेंबरात शाळेत पोषण महिना झाला. पोस्टर लागले, प्रतिज्ञा झाली आणि "घरात येणारी पाकिटं मोजून लिहून आणा" असा गृहपाठ मिळाला. तिने तो मन लावून केला, आणि पप्पांनी आणलेलं पाकीट त्यांच्यासमोर उचलून म्हणाली, "हे विष आहे." दिवसभर गाडी चालवून आलेला बाप गप्प उठून बाहेर गेला. भावाने त्या रात्री पाकीट पांघरुणात लपवून खाल्लं.

शाळांनी आहारावर बोलायलाच हवं. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत, हा २०२०चा नियमही मला हवाच आहे. पण मुलाला घरात पहारेकरी करून पाठवू नये. ज्याच्यावर कडक बंदी येते त्याचीच मुलांना जास्त ओढ लागते, हेही अभ्यासांतून दिसलंय. मी वर्गशिक्षिकांशी बोलले. त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतलं आणि पुढचा गृहपाठ बदलला: आजी-आजोबा लहानपणी संध्याकाळी काय खायचे ते विचारून या.

आजीला कुणी असं काही विचारून किती वर्षं झाली असतील! ज्वारीच्या लाह्या, हुलग्याचं माडगं, गूळ-शेंगदाणे, हुरड्याचे दिवस, सगळं तिने नातीला सांगितलं, आणि रविवारी माडगं करून घातलंही. तोवर "पोरगं उपाशी झोपेल" म्हणत आमच्या प्रत्येक सूचनेला आडवी येणारी आजी त्यानंतर आमच्या बाजूची झाली.

बाकी ठरवलं ते थोडकंच. पाच वाजता एकदाच खाणं: केळं, लाह्या किंवा गूळ-शेंगदाणे. आठला सगळ्यांनी एकत्र जमिनीवर बसायचं. ताटात त्याचा नेहमीचा भात असणारच, बाकीचं चमचाभर, आणि जास्तीचं त्याने मागायचं. "खा" म्हणायचं नाही, कौतुकही करायचं नाही. नंतर वेगळं काही शिजवायचं नाही. वडिलांनी पाकीट आठवड्यातून एकदा आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं, इतर दिवशी हंगामातलं फळ. ते त्यांनी स्वतःच सुचवलं. "मोकळ्या हाताने घरी यायला जमत नाही मला," म्हणाले.

पहिला आठवडा वाईट गेला. दोन रात्री तो खरंच नुसता भात खाऊन रडत झोपला, आणि आईने मला फोन केला. मी म्हटलं, उद्या सकाळी न्याहारी आहे, दुपारी शाळेची पंगत आहे, थांबा. महिन्याभराने आमटी आणि मटकी घरीही जाऊ लागली. हल्ली पेरू कापायला तो पप्पांच्या शेजारी जाऊन बसतो.

मेथी आणि दोडक्याला तो अजून हात लावत नाही. "बंद करू का वाढायचं?" असं आईने मागच्या भेटीत विचारलं. नको. नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. चमचाभर वाढत राहा, उरली तर तुम्ही खा.