परदेशात शिकल्याने माणूस म्हणून आपण खरंच बदलतो का?

तुम्ही विचारलंय की परदेशात मास्टर्स केल्याने डिग्रीपलीकडे स्वतःत काही फरक पडतो का. मी युरोपात दोन वर्षं शिकले. माझ्यात पडलेला मोठा फरक एकच: अडलं की "मला जमत नाहीये" हे वेळेत सांगता येऊ लागलं.

ऐकायला किरकोळ वाटेल. पण तिथल्या अभ्यासात हे न येणारा बुडतो. युरोपातल्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे ६ क्रेडिटच्या विषयाला १५० ते १८० तास, आणि त्यातले वर्गातले माझ्या वेळी जेमतेम ६०. उरलेल्या तासांचं तुम्ही काय करता, हे कोणी विचारत नाही.

पहिल्या सेमिस्टरला तिघांच्या प्रोजेक्टमध्ये दोन ठिकाणचा डेटा एकत्र करायचं काम माझ्याकडे होतं. आलेख काही केल्या जुळेना. दहा दिवस एकटीच झटत राहिले; कोणी विचारलं की "होत आलंय" म्हणायचे. सादरीकरणाच्या आदल्या रात्री कबूल केलं. गटातल्या मुलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि वीस मिनिटांत चूक दाखवली: एका फाइलमध्ये तारखेत दिवस आधी होता, दुसरीत महिना. ती चिडली होती, पण उशीर झाला म्हणून नाही. म्हणाली, "तू दहा दिवस खोटं का बोललीस?" मी तर त्याला खोटं धरतच नव्हते. माझ्या लेखी ते अब्रू राखणं होतं. तो प्रश्न मला फार लागला.

मग प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जायला लागले. पहिल्यांदा दाराबाहेर उभं राहून प्रश्न तीनदा कागदावर लिहिला. सरांनी उत्तर दिलंच नाही, उलट विचारलं, "नक्की कुठल्या ओळीपासून कळेनासं झालं?" ती ओळ शोधता शोधता निम्मं कोडं सुटलं.

हे आपोआप होत नाही बरं का. आपल्याच भाषेच्या घोळक्यात दोन वर्षं सहज निघतात. त्या घोळक्याला मी नावं ठेवणार नाही, सुरुवातीच्या एकटेपणात त्यांनीच मला सावरलं. प्रोजेक्टला मात्र मुद्दाम अनोळखी लोकांचा गट धरा.

पुढे एका विषयात नापास झाले, तेव्हा त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं. एरवी महिनाभर "सगळं छान" चाललं असतं. बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परत परीक्षा कधी आहे?"