आधी जोड बघ

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रविवारी दुपारी आला. जेवून आडवा झालो होतो, मग झोप काही लागली नाही. "सर, प्लॅटफॉर्म टीम म्हणजे एकच खिचडी पाच ताटांत वाढायची, तूप तेवढं वेगळं. तिथे जाऊ की कार्बन फायबरच्या ग्रुपमध्ये?" वाक्य झकास आहे. पण बॉडी शॉपमध्ये, जिथे पत्रे जोडून गाडीचा सांगाडा उभा करतात तिथे, तीन वर्षं काढलेल्या मुलीला ते शोभत नाही.

खिचडीचंच बोलू. 2015 ची बेंटले बेंटायगा, 2017 ची लॅम्बोर्गिनी उरुस, 2018 ची फोक्सवॅगन तुआरेग, शिवाय पोर्श कायेन आणि आउडी क्यू-सेव्हन, सगळ्या फोक्सवॅगन समूहाच्या एमएलबी इव्हो या एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच पायाभूत सांगाड्यावर उभ्या आहेत. वळणावर गाडीला कलू न देणारा 48 व्होल्टचा अँटी-रोल बार आधी बेंटायगात आला, मग तुआरेगलाही मिळाला. एकट्या तुआरेगच्या हिशेबात तो कधी बसला असता का? रोल्स-रॉइसचं घे. 2010 च्या घोस्टसाठी बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजचा पाया घेतला, त्यावर टीका झाली. 2017 च्या फँटमपासून मात्र सगळ्या गाड्यांसाठी स्वतःचाच अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा धरला. आणि पुढे काय? कलिनन, नवी घोस्ट, स्पेक्टर, सगळ्या त्याच सांगाड्यावर. वाटून घेणं त्यांनाही चुकलं नाही, फक्त घरातल्या घरात वाटून घेतलं. आपल्या पुण्यात तयार होणारी टाटा हॅरियरही लँड रोव्हरच्या डी-एट या प्लॅटफॉर्मवरूनच आली. येताना मागचं सस्पेन्शन बदललं आणि ते बसवण्याच्या जागाही. अशा बदलात माणसाचा घाम कुठे जातो, ते तुला माहीत आहे.

जोडात जातो.

मी तुला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, पत्रा नंतर, आधी जोड बघ. तेव्हा तू मान हलवलीस, वहीत लिहून घेतलंस, आणि आता मला विचारतेस कार्बन की प्लॅटफॉर्म! अगं, सांगाडा वाटून घेतला की जोडही वाटले जातात. पाच गाड्यांना एकच जोड, म्हणजे चूकही पाचांना.

आउडी ए-एट आठव. 1994 ला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. 2017 च्या गाडीत मात्र अ‍ॅल्युमिनियम 58 टक्क्यांवर आलं. बाकी गरम दाबून घडवलेलं पोलाद, थोडं मॅग्नेशियम आणि मागच्या सीटमागे कार्बन फायबरचा पॅनेल. लोकांनी ते टक्के पाठ केले. मी मोजले ते जोडायचे प्रकार, एकूण चौदा! अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो आणि ते वीज, उष्णता झरझर वाहून नेतं, त्यामुळे पोलादासारखे स्पॉट वेल्डचे टाके मारत सुटता येत नाही. म्हणून रिव्हेट, म्हणून चिकटवणी. पेंटच्या भट्टीत 180 अंशांना अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, एका मीटरला पावणेदोन मिलिमीटर जास्त. हा फरक कोण झेलणार? आणि तुझं लाडकं कार्बन फायबर अ‍ॅल्युमिनियमला नुसतं टेकलं आणि मध्ये ओल शिरली, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणजे त्या ग्रुपमध्ये गेलीस तरी दोन वर्षांत याच टेबलाशी येऊन बसशील.

आता माझं ऐक. हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

तिशीत असताना एका कारखान्यात मी पोलादाचा एक ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचा केला. 340 ग्रॅम वाचले. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तोच ब्रॅकेट चार मॉडेलांना लागणार होता. तिघांत बोल्टखाली कोटिंगचा वॉशर होता, चौथ्यात साधा. ड्रॉइंगवर सही माझी. मी ब्रॅकेट शंभर वेळा तपासला होता, बोल्ट एकदाही नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर किनारपट्टीवरून एक गाडी परत आली. बोल्टभोवती पिठीसारखी पांढरी पूड, आणि नख लावलं तर ब्रॅकेटचा कोपरा हातात. साहेबांनी पुरवठादारावर ढकललं. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून टोचतं.

त्यानंतर मी हट्टी झालो, लोक म्हणतात तसा. एकदा एका गाडीची सही अकरा दिवस अडवून धरली, कारण रिव्हेटचे काप बघितल्याशिवाय मी सही करणार नव्हतो. काप आले. कापून घासून पॉलिश केलेल्या तुकड्यात रिव्हेटचे पाय खालच्या पत्र्यात नीट फाकलेले दिसायला हवेत, मांडी घालून बसल्यासारखे. नव्वदांत सहा जण उकिडवे बसलेले होते. सहाच, म्हणाले सगळे. त्या वर्षीचं प्रमोशन दुसऱ्याला गेलं. बरोबर होतो मी. अजूनही म्हणेन. घरच्यांना तेव्हा पटलं नव्हतं आणि त्यांचंही फार चुकलं असं नाही, होम लोनचे हप्ते चालू होते. पण सहा म्हणजे सहा.

बघ, पुन्हा माझीच कथा लावली.

प्लॅटफॉर्म टीममध्ये जा. फक्त जायच्या आधी त्यांना पगार, गाडी, पद हे सोडून एक विचार: जोडांच्या चाचण्यांवर सही कुणाची असते, आणि ती अडवायचा अधिकार त्याला आहे का? ते एकमेकांकडे बघायला लागले तर मला फोन कर, दुसरीकडे बघू.

येत्या रविवारी घरी ये, काकू पुरणपोळी करणार आहेत. तो ब्रॅकेट माझ्या खणात आहे, जुन्या कॅलिपरच्या डब्याशेजारी. हातात घेऊन बघ. पूड अजून लागते बोटांना, जेवायच्या आधी हात धुऊन घे.