दुर्बिणीत कॉम्प्युटरवालीला काय काम?

तुमची लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीत, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणीवर, काम करायचंय आणि ‘तिथे शास्त्रज्ञांचे कॉम्प्युटरच सांभाळत बसावं लागेल ना?’ ही तुमची काळजी. मी तिथे बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून हलकी, स्वस्त डिश करायची ही दुर्बीण उभी करणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. पण त्या तिसांची एक दुर्बीण होते ती आत, कॉम्प्युटरवर. आकाशातून आलेली एकच लहर लांबच्या डिशवर किंचित उशिरा पोचते. तो उशीर नॅनोसेकंदांत मोजून भरून काढायचा आणि प्रत्येक डिशचा सिग्नल बाकी सगळ्यांशी गुणायचा. अशा ४३५ जोड्या होतात, आणि हे सगळं निरीक्षण चालू असतानाच करायचं. दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा बँडविड्थ, म्हणजे एका वेळी टिपता येणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा, ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेली. एवढा डेटा पेलायला एफपीजीए आणि जीपीयू या झपाट्याने गणित करणाऱ्या चिपांची नवी यंत्रणा उभी करावी लागली. ते सगळं इंजिनिअरांचं काम, आणि त्याच्याशिवाय शास्त्रज्ञाला काहीच दिसत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. कॉम्प्युटर स्वतःच रेडिओ लहरी सोडतो आणि त्या दुर्बिणीच्या सिग्नलमध्ये मिसळतात, म्हणून आमची यंत्रं धातूने मढवलेल्या खोलीत. एकदा रात्री डेटात करकर दिसायला लागली. आम्ही हातातला अँटेना घेऊन जीपमधून विजेच्या तारांखालून फिरत राहिलो. पहाटेकडे त्या करकरीचं मूळ सापडलं: एका खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर. कोड लिहिणाऱ्यालाही तिथे असं शेताच्या बांधावर उभं राहावं लागतं. मला ते फार आवडायचं.

पगार केंद्र सरकारच्या श्रेणीचा. आयटीतल्या मैत्रिणी काही वर्षांत पुढे निघून जातील, हे तिला आजच सांगा. एखादा सुटा भाग मागवायचा तर खरेदीचे कागद महिनोन्महिने फिरतात, आणि शोधनिबंध गाजतो तेव्हा नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. ज्याला हे सलतं त्याने जाऊ नये. पण आपण बसवलेली यंत्रणा वर्षानुवर्षं चालताना बघायला मिळते. माझ्या ओळखीच्या आयटीवाल्यांत हे कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

तयारी म्हणाल तर सी, लिनक्स, नेटवर्किंग आणि मुख्य म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग. ते कॉम्प्युटर शाखेत नीट शिकवत नाहीत, तिने स्वतः करावं. जागा एनसीआरए या जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्यातल्या संस्थेच्या संकेतस्थळावर निघतात. गेट ही इंजिनिअरांची देशपातळीवरची परीक्षा द्यावीच, कारण त्या गुणांवर बीएआरसीची, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचीही वाट उघडते: वर्षभर प्रशिक्षण, मग सायंटिफिक ऑफिसर. शिवाय एसकेए या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीसाठी सरकारने सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केलेत, आणि तिच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याचा मोठा हात आहे. म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना काम कमी पडणार नाही.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला सगळ्यांना आत सोडतात. तिला घेऊन जा, आणि तिथल्या इंजिनिअरांशी तिलाच बोलू द्या. तुम्ही जरा मागे थांबा.