"मॅडम, परत होतो तिथंच आलो!"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य सारखं कानावर पडतं. कुणी महिनोन्‌महिने सोडलेली तंबाखू लग्नाच्या मांडवात पुन्हा तोंडात टाकलेली असते, कुणी सासूपुढं पुन्हा मूग गिळून बसलेली असते. पाय घसरतो एकदाच, पण निकाल लागतो सगळ्या मेहनतीचा.

उद्यमनगरात लेथ मशीनचं वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ रागासाठी यायचे (ओळखीचे तपशील बदललेत). चांगली सुधारणा होती. मग एका रात्री मुलाच्या मार्कांवरून जेवणाचं ताट भिरकावलं.

"संपलं मॅडम. माझ्यात काय बी फरक पडलेला न्हाई."

"ताट फेकल्यावर काय केलंत?"

"गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मग आत येऊन पोराला म्हटलं, माझं चुकलं."

"किती वेळानं?"

"पंधरा-वीस मिनिटं झाली असतील."

"आणि आमच्याकडं यायच्या आधी?"

ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. "आठ-आठ दिवस बोलायचो न्हाई घरात. चुकलं म्हणायचा तर प्रश्नच न्हाई."

मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला बोलायची फार घाई होते. ती आवरायला मला वर्षं लागली. शेवटी तेच हसले. "म्हंजे जॉब रिवर्कला आलाय. स्क्रॅप न्हाई झालेला."

म्हणजे तुकडा पुन्हा दुरुस्तीला आलाय, भंगारात गेलेला नाही. हे मला तासभर बोलूनही इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

ताट फेकणं चूकच, त्यावर आम्ही वेगळं काम केलं. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते, आणि तिचा मला भावलेला गाभा हाच: कृतीला नावं ठेवा, माणसाला नको. "मी चुकीचं वागलो" म्हणणारा दुरुस्तीला लागतो, "मी नालायकच" म्हणणारा प्रयत्न सोडतो. म्हणून राग किती वेळा आला एवढंच मोजू नका. किती चढला आणि किती वेळ टिकला, तेही लिहून ठेवा. माझ्या पाहण्यात बहुतेकांचा आधी सावरायचा वेळ कमी होतो, प्रसंगांची संख्या नंतर घटते.

पुढं या गृहस्थांची दुसरी तक्रार आली: आता सगळं थांबल्यासारखं वाटतंय. ब्रायन आणि हार्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1897 मध्ये तारयंत्र (टेलिग्राफ, म्हणजे टकटक आवाजांतून संदेश ओळखायचं काम) शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख छापले, त्यांतही असा सपाट टप्पा होता. अक्षरं ऐकायची सवय मुरेपर्यंत वेग अडकायचा, मग शब्दच्या शब्द कळू लागले की वर चढायचा. (असा टप्पा प्रत्येकाला येतोच असं नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं.) मी मात्र आधी विचारते, सराव तोच तो सोपा तर झाला नाही ना? यांचा झाला होता. घरी जमायला लागलं होतं. पेमेंट थकवणाऱ्या पार्टीचा फोन आला की जुनाच आवाज. मग आम्ही तो फोनच सरावाला घेतला: उचलण्याआधी काय बोलायचं ते कागदावर, आणि आवाज चढायला लागला की "उद्या बोलतो".

एक मात्र वेगळं काढा. दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला थांबलेली प्रगती समजून दम धरू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी.