ब्लूटूथ बीपी मशीनची काही रीडिंग फोनवर येतच नाहीत, येतात त्यांत २०-२० चा फरक असतो. दोष मशीनचा की फोनचा?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. वडिलांच्या ब्लूटूथ बीपी मशीनची आणि ऑक्सिमीटरची काही दिवसांची रीडिंग ॲपमध्ये दिसतच नाहीत, ही एक. सकाळ-संध्याकाळच्या वरच्या बीपीत २० चा फरक पडतो, ही दुसरी. तुम्ही लांब राहता आणि सगळं ॲपवरूनच पाहता, म्हणून त्या एकत्र वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. आकडा चुकतो तो दंडावर, आकडा हरवतो तो बहुतेक वेळा फोनमध्ये. वायर नाही म्हणून १३० चे १५० होत नाहीत. अशा यंत्रांतल्या कमी विजेच्या ब्लूटूथमध्ये (लो एनर्जी) माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते, आणि प्रत्येक पॅकेटला २४ बिटांचा पडताळणी कोड जोडलेला असतो. तो जुळला नाही तर पॅकेट टाकून दिलं जातं आणि पुन्हा पाठवलं जातं. त्यामुळे रीडिंग एक तर बरोबर पोचतं, नाही तर पोचतच नाही.

म्हणून आधी एक आठवडा वडिलांना मशीनच्या पडद्यावरचा आकडा वेळेसकट वहीत लिहायला सांगा आणि मग वही ॲपशी ताडून पाहा. वहीत आहे पण ॲपमध्ये नाही, तर दोष फोनच्या बाजूचा. दोन्हीकडे तोच विचित्र आकडा, तर कफ (दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा) आणि बसण्याची पद्धत तपासायची.

हरवलेली रीडिंग शोधताना पहिल्यांदा मशीनचं घड्याळ पाहा. ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बऱ्याच मशीनमध्ये सेल बदलले की तारीख मागे जाते, आणि पुढची रीडिंग त्या जुन्या तारखेनं साठतात. ती फोनवर पोचतात, पण ॲपच्या आलेखात काही वर्षं मागे जाऊन बसतात. ॲपमध्ये सगळ्यात जुन्या नोंदींपर्यंत मागे जा, 'गायब' रीडिंग तिथे सापडू शकतात. उपाय सोपा आहे: सेल बदलल्यावर आधी फोनशी जोडून वेळ जुळवायची, मगच बीपी मोजायचं. मशीनवर दोन माणसांसाठी १ आणि २ असं बटण असेल तर तेही पाहा. आईच्या खात्यात वडिलांचं बीपी जमा होत असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं कारण, घरातला दुसरा फोन. अशी लहान यंत्रं साधारणपणे एका वेळी एकाच फोनशी बोलतात. आईच्या फोनवरही तेच ॲप असेल तर ज्याचा फोन आधी जोडला जाईल त्याच्याकडे रीडिंग जातं. ते 'पोचलं' म्हणून नोंदलं गेलं की काही मशीन ते पुन्हा पाठवत नाहीत. ॲप एकाच फोनवर ठेवा.

तिसरं कारण अँड्रॉइडच्या परवानग्या. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ यंत्रं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागायची आणि फोनचं लोकेशनही चालू असावं लागायचं. बीपी मशीनला लोकेशन कशाला, म्हणून लोक ती नाकारतात आणि ॲपला मशीन दिसतच नाही. अँड्रॉइड १२ पासून यासाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. फोन अपडेट झाल्यापासून रीडिंग थांबली असतील तर ही परवानगी आधी तपासा.

चौथं कारण बॅटरी वाचवण्याच्या सोयी, आणि माझ्या मते यावर फोन कंपन्यांनी अधिक जबाबदारीनं काम करायला हवं. मागे चालणारं ॲप काही फोन बिनदिक्कत बंद करतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरी विभागात जाऊन 'अनिर्बंध' निवडा, आणि ऑटोस्टार्ट नावाचा पर्याय असेल तर तोही चालू करा. वडिलांसाठी याहून भरवशाची सवय म्हणजे आधी ॲप उघडायचं, फोन टेबलावर ठेवायचा, मग मशीनचं बटण दाबायचं. फोन पँटच्या मागच्या खिशात नको. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी त्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. मोकळ्या खोलीत दहा मीटरवरून पोचणारं यंत्र अंग मध्ये आल्यावर अडखळतं. वाय-फाय राउटरही याच पट्ट्यात असतो, मशीन त्याला खेटून ठेवू नका.

एवढं करूनही जोडणी तुटत असेल तर पेअरिंग नव्यानं करा, पण दोन्हीकडून. पेअर करताना फोन आणि मशीन एकेक किल्ली (एकमेकांना ओळखण्याचा गुप्त कोड) साठवतात. फोनवर 'विसरा' केलं आणि मशीनमध्ये जुनी किल्ली राहिली, तर पुढची जोडणी काही सेकंदांत तुटते. ॲपमधून यंत्र काढा, फोनच्या ब्लूटूथ यादीतून काढा, मशीनची मेमरी माहितीपत्रकाप्रमाणे रिसेट करा (साठलेली रीडिंग पुसली जाऊ शकतात, आधी उतरवून घ्या), फोन बंद करून चालू करा आणि मग ॲपच्या आतूनच जोडा. सेलही नवे अल्कलाइन घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. कफ फुगवणारा पंप सगळ्यात जास्त वीज खातो, आणि सेल अशक्त असतील तर मोजमाप पूर्ण होऊनही रीडिंग पाठवताना मशीन मान टाकतं.

आता २० च्या फरकाकडे. बीपी दिवसभरात खरोखरच वरखाली होतं, पण रोजचा एवढा फरक आधी मोजण्याच्या पद्धतीत शोधावा. कफ लहान असेल तर बीपी जास्त दिसतं, म्हणून दंडाचा घेर टेपनं मोजा आणि कफवर छापलेल्या मापाशी जुळवा. २२ ते ३२ सेंटिमीटरचा कफ ३५ सेंटिमीटरच्या दंडावर कधीच बरोबर मोजणार नाही. कफ शर्टाच्या बाहीवर बांधू नका. त्याची खालची कड कोपरापासून २-३ सेंटिमीटर वर हवी, आणि कफ हृदयाच्या पातळीत हवा. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर बीपी सुमारे ८ नं जास्त येतं, वर उचलला तर तितकंच कमी. मनगटाच्या यंत्रांची फसगत याच कारणानं सर्वाधिक होते. आधी पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, लघवी तुंबलेली नाही, अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू किंवा व्यायाम नाही. आणि मोजताना गप्पा नाहीत. तुम्ही फोनवर बोलत असताना ते मोजत असतील तर तिथेच आकडा वाढतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि सरासरी धरा. नाडी अनियमित असेल (एट्रियल फिब्रिलेशन) तर असली मशीन गोंधळतात. तेव्हा तीनदा मोजा आणि हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

ऑक्सिमीटरचं थोडक्यात: बोट थंड नको, नखाला रंग नको, हात स्थिर हवा, आणि आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं. ९५ आणि ९७ हा फरक यंत्राच्या अचूकतेच्या मर्यादेतला आहे, त्यावरून घाबरू नका. त्वचा गडद असेल तर ही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतात, म्हणून धाप लागत असताना ९४ दिसलं तर त्या आकड्यावर विसंबू नका.

कफ नसलेली घड्याळं वडिलांसाठी या कामाला घेऊ नका. ती नाडीच्या लहरीवरून बीपीचा अंदाज बांधतात. सॅमसंगच्या घड्याळात दर २८ दिवसांनी कफच्या मशीनशी जुळवणी करावी लागते, म्हणजे कफ घरात लागतोच. टोचल्याशिवाय साखर मोजणारं घड्याळ तर मुळीच नको. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही.

पुढचं यंत्र घेताना एक चाचणी करा. बीपी, नाडी, तापमान, वजन या प्रत्येकासाठी ब्लूटूथच्या संघटनेनं सामायिक सेवा (माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धती) ठरवून दिल्या आहेत, बीपीची सेवा १८१० क्रमांकाची. नॉर्डिक सेमीकंडक्टरचं 'एनआरएफ कनेक्ट' हे मोफत ॲप उघडून यंत्राशी जोडलं की त्याच्या सेवांची यादी दिसते. त्यात 'ब्लड प्रेशर' असेल तर दुसरी ॲपही ते यंत्र वाचू शकण्याची शक्यता चांगली आहे. नुसते लांबलचक अनोळखी क्रमांक असतील तर यंत्र बहुधा त्या कंपनीच्या ॲपला बांधलेलं आहे, आणि कंपनीनं ॲप बंद केलं की तुमची सोयही बंद. स्वतःचा पडदा, स्वतःची मेमरी आणि नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येणं, या तीन गोष्टी नसतील तर मी ते यंत्र घेऊ नका असंच म्हणेन.

आणि फोनवरच्या सूचनेला धोक्याची घंटा समजू नका. 'व्यत्यय आणू नका' चालू असणं, ॲप झोपलेलं असणं, नेट नसणं, कशानंही ती अडते. एफडीएनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मधुमेहाच्या सेन्सरबाबत नेमका हाच इशारा दिला: फोनच्या सेटिंगमुळे महत्त्वाचे अलार्म वाजतच नाहीत. वडिलांना आणि आईला आकडा तोंडपाठ असू दे: वरचं बीपी १८० च्या वर किंवा खालचं १२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं किंवा नजर अंधुक होणं यांपैकी काहीही असेल तर ॲपची वाट न पाहता लगेच रुग्णालय. लक्षण काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं, आणि तरीही तितकंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.