निपाणी-खानापूर भागात पादचारी व सायकलस्वारांसाठी सुरक्षा मोहीम करायची आहे, पैसे कुठून उभे करावेत?

बेळगाव परिसरातल्या मोठ्या कंपन्यांकडे सीएसआर निधी (कंपन्यांनी समाजकामासाठी खर्च करायचा पैसा) मागा आणि त्याच वेळी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसमध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे कन्नडमध्ये अर्ज द्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. रस्ता सुरक्षेची जनजागृती त्यात बसते, असं केंद्राने २०१४ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. मात्र पैसे घेणाऱ्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए व ८०जी आणि केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी हवी. नसेल तर नोंदणी असलेल्या संस्थेला सोबत घ्या. सहकारी साखर कारखान्यांना हे कलम लागू नाही, तरी त्यांना वगळू नका. गळीत हंगामात अंधार पडल्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागच्या सायकलवाल्याला दिसतच नाही, म्हणून ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावायचा खर्च त्यांच्याकडेच मागा. पत्रकं कन्नड-मराठी दोन्हींत काढा. खर्चात हा क्रम ठेवा:
- शाळकरी मुलांच्या सायकलींना मागचे रिफ्लेक्टर
- हंगामाआधी ट्रॉल्यांच्या पट्ट्या
- उरलं तर फलक